उडण्यापूर्वी

मुलांनो, मुखेडच्या आकाशात पंख न हलवता तरंगणारी घार तुम्ही पाहिली असेल. हँग ग्लायडरही तसाच तरंगतो. त्याला इंजिन नसते. पंखाखाली पट्ट्याने अडकवलेला माणूस उतारावरून धावतो आणि हवेत उडतो.

२०१८ साली स्वित्झर्लंडमध्ये एक प्रवासी चालकाबरोबर असाच धावला. पाय जमिनीवरून सुटले, तेव्हा कळले की त्याचा पट्टा ग्लायडरला अडकवलेलाच नव्हता! दोन मिनिटांहून अधिक वेळ तो हातांनी लोंबकळत राहिला. जीव वाचला, पण मनगट मोडले.

चूक आकाशात नव्हे, जमिनीवर झाली होती. म्हणून उडण्यापूर्वी पट्ट्याला लटकून पाहतात. मित्र ग्लायडर धरतो व कडी तपासतो. मुलांनो, आपली चूक वेळीच दाखवणाऱ्या मित्रावर रागावू नका. तोच खरा मित्र!