हिरड्यांकडे लक्ष ठेव, पोरी

पोरी, चूळ भरताना पाणी गुलाबी दिसलं की आपल्याकडे म्हणतात, ‘उष्णता झालीय’. मग सब्जा प्यायचा आणि विसरून जायचं. तसं करू नकोस. ब्रश लागला म्हणून चांगल्या हिरडीतून रक्त येत नाही. येत असेल, तर बहुतेक वेळा ती सुजलेली असते.

आरशात बघ. उजेडात उभी राहून ओठ वर कर. दोन दातांमधला हिरडीचा भाग टोकदार आणि घट्ट बसलेला हवा. तो फुगून लाल, चकचकीत झाला असेल, तर दुखणं सुरू झालंय. हिरड्या मुळातच सावळ्या असतील, तर तो मात्र आजार नव्हे.

रोज काहीतरी कच्चं, आंबट खा. हिरडीला घट्टपणा देणारं कोलॅजन ‘क’ जीवनसत्त्वाशिवाय नीट तयार होत नाही. हे जीवनसत्त्व शरीर बनवत नाही, फारसं साठवतही नाही. बाईमाणसाला दिवसाला साधारण 65 मिलिग्रॅम लागतं. अर्ध्या लिंबावर भागत नाही. एका पेरूत मात्र भागतं. आवळ्याच्या दिवसांत आवळा किसून मीठ लावून खा. मोरावळ्यावर भिस्त ठेवू नकोस, त्यात साखरच फार.

लिंबू ताटात पिळ, गॅसवर नको. ‘क’ पाण्यात विरघळतं आणि उष्णतेनं जातं. पालेभाजी आधी धुवायची, मग चिरायची. कोशिंबीर पानं घेताना करायची.

एकट्या ‘क’वर थांबू नकोस. जंतूंशी लढताना शरीर जे तिखट रेणू सोडतं, ते आपल्याच हिरडीलाही जाळतात. त्यांना आवर घालतात ती अँटिऑक्सिडंट. शेंगदाण्यात ‘ई’ असतं. गाजर, पपई, शेवग्याच्या पाल्यात कॅरोटीन असतं. शेवग्याचा पाला तेलाच्या फोडणीत परतला, की कॅरोटीन अंगी जास्त लागतं.

पण खाण्यानं दात घासले जात नाहीत. जेम्स लिंड या डॉक्टरनं 1747 साली स्कर्व्ही झालेल्या खलाशांना संत्री-लिंबं देऊन बरं केलं, हे खरं. पण ते दुखणं ‘क’च्या अभावाचं होतं. आपल्याकडचा पायोरिया बहुधा दातांवर साठलेल्या जंतूंच्या थरातून होतो, गोळ्यांनी तो जात नाही. मऊ ब्रशनं सकाळी आणि रात्री घास. रक्त येतं म्हणून ती जागा सोडू नकोस, तिथेच हलक्या हातानं जास्त लक्ष दे. थराचं कीटण झालं, की ते दंतवैद्यानंच काढायचं. त्यानं दात सैल होत नाहीत. कीटण राहिलं तर होतात.

मशेरी घरात आणू नकोस. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तंबाखूनं हिरडी दाताला सोडते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्तही कमी येतं, त्यामुळे आजार लपून वाढतो.

सासूबाईंची साखर आणि हिरड्या एकत्र बघ. मधुमेह हिरड्या बिघडवतो आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत. तुला दिवस गेले, तर तुझ्याही हिरड्या तपासून घे.

नीट खाऊन, नीट घासूनही आठवडाभरात रक्त थांबलं नाही, तर दवाखाना गाठ. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही सांग. दात हलेपर्यंत थांबू नकोस. हाड एकदा झिजलं, की ते आपोआप भरून येत नाही.