लाख रुपयांची मोटार

आम्ही लालबागला एका चाळीत राहतो. अब्बा गिरगावातील एका छापखान्यात नोकरी करत. आमच्याकडे एक जुनी स्कूटर होती. रविवारी आम्ही तिच्यावरून चौपाटीला जायचो. धाकटी बहीण पुढे उभी राही. मी अब्बांच्या मागे बसे आणि माझ्या मागे अम्मी. दादी मात्र घरीच राही. तिला जागाच नव्हती!

२००८ च्या पावसाळ्यात भायखळ्याच्या पुलावर स्कूटर घसरली. फारसे कोणाला लागले नाही. पण अम्मी फार घाबरली. तेव्हापासून अब्बांच्या मनात मोटार घोळू लागली.

रतन टाटा यांनीही असेच एक कुटुंब भर पावसात स्कूटरवरून जाताना पाहिले होते. त्यातून त्यांना स्वस्त मोटारीची कल्पना सुचली. १० जानेवारी २००८ रोजी त्यांनी दिल्लीत नॅनो ही छोटी मोटार लोकांना दाखवली. तिची किंमत सांगितली १ लाख रुपये! २३ मार्च २००९ रोजी मुंबईत, मरीन ड्राइव्हवरच्या पारशी जिमखान्यात, ती विक्रीसाठी जाहीर झाली. एप्रिलमध्ये नोंदणी सुरू झाली. अब्बांनी ३०० रुपये देऊन अर्ज आणला.

संध्याकाळी शेजारचे काका आले. ते पूर्वी गिरणीत हिशेबनीस होते. अर्ज पाहून ते म्हणाले, "भाई, कागद-पेन्सिल आणा."

"एक लाख ही कारखान्यातली किंमत," काका सांगू लागले. "मुंबईच्या दुकानात हीच गाडी सव्वा लाखाच्या वर जाते. त्यात कर आणि विमा मिळवा. दीड लाख धरून चला. तुमच्याजवळ किती आहेत?"

"पन्नास हजार," अब्बा म्हणाले.

"म्हणजे १ लाख कर्ज. व्याज १२ टक्के धरू, मुदत ५ वर्षे. महिन्याला २,२२४ रुपये हप्ता. पाच वर्षांत तुम्ही १,३३,४४० रुपये परत कराल. पेट्रोल, दुरुस्ती आणि दरवर्षीचा विमा वेगळाच."

अब्बा गप्प झाले. इतक्यात अम्मीने विचारले, "काका, गाडी उभी कुठे करायची?"

हे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. चाळीच्या अंगणात मुले क्रिकेट खेळतात. गणपतीत तिथे मांडव पडतो. त्या दिवसांत लालबागच्या रस्त्यावर माणसाला चालायला जागा नसते, तिथे मोटार कशी निघणार?

काकांनी कागदाच्या दुसऱ्या बाजूला टॅक्सीचा खर्च मांडला. दादीला महिन्यातून दोनदा परळच्या के.ई.एम. रुग्णालयात न्यावे लागे. त्यात रविवारची चौपाटी मिळवली. तरी बेरीज हप्त्याच्या निम्मीही झाली नाही.

"पण आपली गाडी ती आपली गाडी," अब्बा हळूच म्हणाले. काकांनी मान हलवली. त्यांनाही ते पटत होते.

अब्बांनी अर्ज भरला नाही. तो बिस्किटांच्या डब्यात ठेवला. त्याच डब्यात ते दर महिन्याला टॅक्सीसाठी १,००० रुपये टाकू लागले. चौघांनी एका स्कूटरवर बसणे त्या दिवसापासून बंद झाले.

नॅनोसाठी २ लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. गाड्या तितक्या तयार नव्हत्या, कारण बंगालमधील सिंगूरचा कारखाना सोडून कंपनीला गुजरातेत साणंदला जावे लागले होते. म्हणून संगणकाने सोडत काढून पहिले १ लाख ग्राहक निवडले. १७ जुलै २००९ रोजी पहिली गाडी मुंबईतच एका सरकारी नोकराला मिळाली. वर्तमानपत्रातले ते चित्र अब्बा बराच वेळ पाहत बसले.

त्या रविवारी पाऊस होता. आम्ही पाचही जण काळ्या-पिवळ्या टॅक्सीने चौपाटीला गेलो. दादी खिडकीजवळ बसली होती.

२०१८ मध्ये नॅनो तयार होणे थांबले. तो कोरा अर्ज अजून डब्यात आहे.

शब्दार्थ
हिशेबनीस – हिशेब लिहिणारा
मुदत – ठरवलेला काळ
हप्ता – थोडी थोडी करून फेडायची रक्कम
सोडत – चिठ्ठी काढून केलेली निवड
कोरा – काही न लिहिलेला

स्वाध्याय
१. दादी चौपाटीला का येत नसे?
२. १ लाख रुपयांच्या कर्जावर पाच वर्षांत किती व्याज द्यावे लागले असते?
३. अम्मीच्या प्रश्नाने सगळे विचारात का पडले?
४. तुम्ही अब्बांच्या जागी असता तर काय केले असते? पाच वाक्ये लिहा.