क्लायंट नेमके कोणाचे?

चि. समीर,

नोकरी सोडून गुंतवणूक सल्ल्याचं स्वतःचं ऑफिस थाटतो आहेस, उत्तम. पण 'दोन वर्षं आमच्या क्लायंटशी संपर्क करणार नाही' ही करारातली अट कोर्टात टिकत नाही, म्हणून तू निर्धास्त आहेस, ते मला पटत नाही. निम्मं तुझं खरं आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ धंद्याला आडकाठी करणारा करार रद्दबातल ठरवतं. धंद्याचा नावलौकिक, म्हणजे गुडविल, विकणाऱ्याचा तेवढा अपवाद. इंग्लंडात बंधन वाजवी आहे का, ते पाहतात. आपल्याकडे करार संपल्यानंतरच्या बंधनाला तेवढीही सवड नाही, हे २००६ मध्ये क्रिकेटपटू झहीर खानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं. पण पोट भरायला आडकाठी वेगळी आणि जुन्या मालकाच्या गिऱ्हाइकाला गळ घालायला मनाई वेगळी, असं काही न्यायालयं मानतात. डेसिकंट रोटर्सच्या खटल्यात २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने व्यवस्थापकाला प्रतिस्पर्ध्याकडे काम करू दिलं, ग्राहकांकडे जायला मात्र मनाई केली.

तू म्हणशील, ही माणसं माझ्यामुळे आली. असेलही. अमेरिकन एक्स्प्रेस बँकेने नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध मनाई हुकूम मागितला, तेव्हा ग्राहकांची नावं-पत्ते हे काही गुपित नव्हे, असंच दिल्ली उच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटलं. डोक्यातलं कोणी काढून घेत नाही. पण त्याच न्यायालयाने १९९५ मध्ये, टपालाने माल विकणाऱ्या बर्लिंग्टन कंपनीची ग्राहकयादी उचलणाऱ्या माणसाला कॉपीराइटच्या आधारे रोखलं होतं. कॉपीराइटच्या दाव्यापुढे कलम २७ ची ढाल कामी येत नाही. तेव्हा क्लायंटच्या यादीची एक्सेल फाइल घरच्या मेलवर पाठवू नकोस. पाठवल्याची नोंद राहते आणि वकील पहिली तीच मागतो. खटले वर्षानुवर्षं रखडतात हा दिलासाही पोकळ, कारण तात्पुरता मनाई हुकूम सुरुवातीलाच मागतात आणि नवं ऑफिस अडवायला तेवढा पुरतो. त्यापेक्षा नवा पत्ता सगळ्यांसाठी जाहीर कर. जो आपणहून संपर्क करेल, त्याचा मेसेज पुरावा म्हणून जपून ठेव.

आणि कोणाशी भागीदारी करणार असशील, तर १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ३६ आधी वाच. बाहेर पडलेल्या भागीदाराला तोच धंदा करता येतो, जाहिरातही करता येते. पण वेगळं ठरलं नसेल, तर फर्मच्या जुन्या गिऱ्हाइकांना गळ घालता येत नाही. तिथे अट करारात लिहावीच लागत नाही.

तुझा,
काका