अपघातग्रस्त गाडीची विक्री : मौन आणि लपवणूक

अपघातानंतर दुरुस्त झालेली मोटारगाडी विकावयास काढली की मालकासमोर किमतीच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो. अपघाताची गोष्ट समोरच्यास सांगावी की न सांगावी ? नोंदणी प्रमाणपत्रावर मालकाचे नाव, इंजिन व चेसिस क्रमांक, कर्ज असल्यास तारणाची नोंद असे सारे असते. पण गाडी कधी ठोकली गेली होती काय, याचा रकाना त्यावर नाही. त्यामुळे ‘विचारले नाही, तर सांगायचे कशाला ?’ हा विचार सहज बळावतो.

भारतीय करार कायद्याने या प्रश्नाचा विचार १८७२ सालीच, म्हणजे आपल्या रस्त्यांवर मोटार येण्यापूर्वीच केलेला आहे. कलम १७ खालील उदाहरणांत मोटारीच्या जागी घोडा आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांस हा घोडा चांगलाच परिचयाचा ! लिलावात घोडा विकणाऱ्यास त्याची व्याधी ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. मात्र खरेदीदार ही त्याचीच नुकती सज्ञान झालेली कन्या असेल, तर नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि आपण नाकारले नाही तर घोडा निर्दोष समजू, असे खरेदीदाराने बजावले असेल, तर त्यानंतरचे मौन म्हणजे प्रत्यक्ष होकारच होय.

तेव्हा नुसते मौन एक वेळ क्षम्य ठरेल. परंतु तेच कलम ठाऊक असलेली गोष्ट बुद्ध्या लपविण्यास फसवणूक मानते. वेल्डिंगचा सांधा पुटी भरून रंगविणे, एअरबॅगचा इशारा देणारा दिवा काढून टाकणे, हे मौन नव्हे. अशा वेळी कलम १९ अन्वये खरेदीदार करार रद्द करू शकतो. सर्वसाधारण दक्षतेने दोष कळला असता, असा बचाव मौन पाळणाऱ्यास मिळतो. दोष झाकणाऱ्यास तो मिळत नाही.

अर्थात सर्वच अपघात सारखे नसतात. मडगार्ड, बंपर, बॉनेट हे भाग बोल्टने बसविलेले असतात. ते बदलले तर गाडीच्या बळकटीस सहसा बाधा येत नाही. आजच्या बहुतेक मोटारींना मात्र वेगळी चेसिस नसते, सांगाडा आणि पत्रा एकच असतो. पुढील ॲप्रन, दाराचे खांब किंवा तळाचा पत्रा वाकला, तर तो ओढून सरळ करावा लागतो, कापून जोडावा लागतो. पुढल्या धडकेचा धक्का शोषून घेण्याचे काम याच भागांचे. एकदा उघडलेली एअरबॅग पुन्हा उपयोगी पडत नाही. तिच्या जागी नवी न बसविता वरचे झाकण तेवढे लावून दिले, तर चालकाच्या जिवाशी खेळ होतो. येथे सांगण्या न सांगण्याचा प्रश्न केवळ कायद्याचा राहत नाही.

विमा कंपनीचा दंडकही पाहण्यासारखा आहे. दुरुस्तीचा खर्च विमित घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. समजा, हे मूल्य ४ लाख रुपये आहे. म्हणजे मर्यादा ३ लाखांची. अंदाजपत्रक २ लाख ८० हजारांचे निघाले, तर गाडी दुरुस्त होऊन रस्त्यावर येते आणि तिचे नोंदणी प्रमाणपत्र अगदी कोऱ्या गाडीसारखेच राहते.

मग कळते कसे ? बॉनेटच्या बिजागरीवरील बोल्टला पान्याचे ओरखडे दिसतात, एकाच काचेवर निर्मितीचे वर्ष निराळे असते, अधिकृत सेवा केंद्रात दुरुस्तीची नोंद असते. विमापत्रावरील नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवरून शून्यावर आला असेल, तर जाणकार लगेच ताडतो. खरेदीदार बँकेचे कर्ज घेणार असेल, तर मूल्यांकनकार गाडी तपासतो. इसार दिल्यानंतर त्याच्या अहवालात दोष उघड झाला, तर कर्जाची रक्कम घटते आणि सौदा मोडतो. आमच्या मते विक्रेत्याने सर्व्हेअरचा अहवाल, गॅरेजची बिले व बदललेल्या भागांची यादी आरंभीच पुढे ठेवावी. किंमत काहीशी उतरेल, हे मान्य केलेच पाहिजे. पण अपघाताची तारीख, झालेले नुकसान व केलेली दुरुस्ती विक्रीकरारात नमूद करून खाली खरेदीदाराची सही घेतली, की पुढे तक्रारीस जागा फारशी उरत नाही.

गाडीवर कर्ज असल्यास ते फेडून बँकेचे ना हरकत पत्र व नमुना ३५ घ्यावा. नमुना २९ व ३० भरून विक्रीची सूचना, गाडी त्याच राज्यात नोंदलेली असल्यास, १४ दिवसांत परिवहन कार्यालयास द्यावयाची असते. या कामी हयगय नको. २००७ साली विकलेली एक गाडी हातोहात फिरत राहिली, नोंद मात्र मूळ मालकाच्याच नावे होती. २००९ मध्ये तिने अपघात केला, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा भार त्या नोंदणीकृत मालकावरच टाकला. विमापत्र आपल्या नावे करून घेण्यासाठी खरेदीदारानेही १४ दिवसांत विमा कंपनीस कळवावे. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून त्या कागदाची एक प्रत विक्रेत्याने स्वतःजवळ ठेवावी.