पुन्हा धावताना: आधी गुडघा, मग बूट

गुडघ्याच्या दुखण्यातून सावरलेले धावपटू बहुधा पहिल्यांदा विचारतात, ‘डॉक्टर, आता कोणते बूट घेऊ?’ त्याआधी विचारायला हवे ते हे, की गुडघा सध्या किती भार पेलतो आणि तो भार कसा वाढवायचा. धावणाऱ्यांत सर्रास आढळणारे दुखणे म्हणजे वाटीभोवतीचे, ‘रनर्स नी’. जिना उतरताना किंवा बराच वेळ बसून उठताना ते जाणवते. त्यात बहुतेक वेळा काही फाटलेले नसते; अंतर, वेग किंवा चढ-उतार शरीराच्या तयारीपेक्षा झपाट्याने वाढलेले असतात. २०१८ साली कॅनडातील क्यूबेकमध्ये झालेली, अशा ६९ धावपटूंवरची चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला फक्त धावण्याचा भार दुखण्याप्रमाणे कमी-जास्त कसा करायचा हे शिकवले, दुसऱ्याला सोबत व्यायाम दिले, तिसऱ्याला त्यासोबत धावण्याची ढब बदलायला शिकवली. तिन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला. मांडीच्या आणि खुब्याच्या स्नायूंचे व्यायाम गुडघ्याला आधार देतात, ते सोडू नयेत; पण भाराचे गणित चुकले तर निव्वळ व्यायाम पुरे पडत नाहीत.

म्हणून सुरुवात सावकाश करा. सपाट रस्त्यावर अर्धा तास भरभर चालता येत असेल, जिना उतरताना फारसे दुखत नसेल आणि गुडघ्यावर सूज नसेल, तर एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे दिवसाआड वीस मिनिटे करा. दहापैकी दोन-तीनपर्यंतचे दुखणे धावताना चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्ववत व्हायला हवे. तसे झाले नाही तर पुढच्या वेळी मागच्या टप्प्यावर या. आधी वेळ वाढवा, नंतर वेग, आणि उतार सर्वांत शेवटी. पावले थोडी आखूड आणि जलद टाकली तरी वाटीवरचा ताण कमी होतो. गुडघा अडकणे, अचानक दगा देणे, सूज वाढणे किंवा पायावर भार न देता येणे ही लक्षणे असतील, तर धावू नका, तपासून घ्या. लिगामेंट किंवा गादीची शस्त्रक्रिया झाली असेल, तर वेळापत्रक तुमच्या सर्जन आणि फिजिओथेरपिस्टनेच ठरवायचे.

आता बूट. दुकानात पायाची कमान पाहून ‘सपाट पाऊल आहे, आधाराचाच बूट घ्या’ असे सांगतात. अमेरिकी लष्कराच्या भूदल, हवाई दल आणि मरीन कोअरमधल्या प्रशिक्षणार्थींवर ही पद्धत तपासली गेली. कमानीनुसार बूट दिल्याने दुखापती फारशा कमी झाल्या नाहीत. यावर कुणी म्हणेल, मग बुटांनी काहीच फरक पडत नाही का? पडतो. लक्झेंबर्गमधल्या चाचण्यांत आत झुकणाऱ्या पावलांना आधाराच्या बुटांचा, आणि एकंदर धावपटूंना मऊ तळव्याचा काही फायदा दिसला. तरी वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्याने सगळे पुरावे एकत्र पाहून, बुटांच्या प्रकारामुळे दुखापत टळते असे ठामपणे सांगण्याइतका आधार सापडत नाही, असाच निष्कर्ष काढला. म्हणून घालताक्षणी पायाला सोईचा वाटेल तो बूट निवडा. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, धावण्याचेच मोजे घालून बघा. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी आणि दुकानात जरा धावून पाहा. कमी उंचीच्या टाचेचा बूट गुडघ्यावरचा ताण कमी करतो, पण तो पोटरी आणि टाचेच्या शिरेवर टाकतो, म्हणून दुखण्यातून परतताना बुटाचा प्रकार एकदम बदलू नका. आधीचा बूट मानवत असेल तर तसाच नवा घ्या.

शेवटी घरच्यांची काळजी: ‘धावून गुडघे झिजतील.’ २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात गुडघा किंवा खुब्याची झीज हौशी धावपटूंपैकी सुमारे ३.५ टक्के लोकांत आढळली, तर न धावणाऱ्या बैठ्या लोकांत सुमारे १०.२ टक्के. स्पर्धात्मक धावपटूंत मात्र ती १३.३ टक्के होती. ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच धावत राहतात, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून धावल्याने झीज टळते, असे मी म्हणणार नाही. पण बेताने धावण्याची भीती बाळगण्याचे कारण या आकड्यांत दिसत नाही. जानेवारीची मुंबई मॅरेथॉन गाठायची म्हणून तयारीचे आठवडे कमी करू नका. गुडघ्याची तयारी झाली नसेल, तर यंदा कमी अंतराची शर्यत निवडा आणि पूर्ण अंतर पुढच्या वर्षी धावा.