हवाई छत्री आणि सैनिकाचा घोटा



ओहोटीच्या वेळी अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्याकडे चालत जाताना एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. कोरड्या, भुसभुशीत वाळूत उडी मारली तर पायांना फारसे जाणवत नाही. तीच उडी दगडावर मारली तर हादरा थेट डोक्यापर्यंत पोचतो. उंची तीच, शरीर तेच. मग फरक कशाचा? हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकाचे हातपाय याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात.

११ डिसेंबर १९७१ रोजी, बांगला देशाच्या युद्धात, आपल्या दुसऱ्या छत्रीधारी पलटणीचे शेकडो जवान टांगाईलजवळ उतरले व त्यांनी पुंगलीचा पूल ताब्यात घेतला. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची. उतरल्याबरोबर ज्याला शत्रूवर चालून जायचे आहे, त्याचा घोटाच मुरगळला तर? तो निकामी होतोच, शिवाय त्याला उचलायला आणखी दोघे अडकतात.

छत्री उघडली तरी धोका कुठला?

सैनिकी छत्रीने खाली येण्याचा वेग सेकंदाला सुमारे ६ मीटर असतो. तुम्हांला ठाऊक असलेल्या v² = 2gh या सूत्रात g = १० घेतल्यास h = १.८ मीटर येते. म्हणजे पुरुषभर उंचीच्या भिंतीवरून, पाठीवर ओझे घेऊन, उडी मारण्यासारखेच हे झाले!

आता वारा घ्या. वाऱ्याचा आडवा वेग सेकंदाला ८ मीटर असेल, तर पायथागोरसच्या सिद्धान्तानुसार एकूण वेग १० मीटर होतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती ३६ ऐवजी १००, म्हणजे पावणेतीन पटींहून अधिक होते. म्हणूनच वारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की सरावाच्या उड्या थांबवतात. रात्रीचा अंधार व जड ओझे यांनीही दुखापती वाढतात.

अंतर वाढवा, बल घटवा

सैनिक व त्याचे सामान मिळून १०० किलोग्रॅम धरू. ६ मीटर वेगाला त्यांची गतिज ऊर्जा १,८०० जूल होते. पाय ताठ ठेवून तो ५ सेंटिमीटरांत थांबला, तर ही ऊर्जा शोषण्यासाठी सरासरी ३६,००० न्यूटन बल लागेल. हाडे ते कसे सोसणार? तेच थांबणे अर्ध्या मीटरवर पसरले, तर बल ३,६०० न्यूटनच राहते. वाळूचे रहस्य हेच!

यासाठी जवानांना उतरण्याची खास पद्धत घोटून घेऊन शिकवतात. दोन्ही पाय व गुडघे जुळलेले, गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी छातीशी. चवडे टेकताच अंग कुशीवर लोळवायचे: पोटरी, मांडी, कुल्ला आणि शेवटी पाठीची बाजू. धक्का अशा रीतीने पाच ठिकाणी वाटला जातो. पाय फाकलेले असतील तर सारा भार आधी टेकणाऱ्या एकाच पायावर येतो. नजरही जमिनीवर न ठेवता समोर ठेवायची. कारण खाली पाहणारा माणूस नकळत पाय लांबवतो. हात टेकून सावरायला गेले, तर मनगट किंवा खांदा जायबंदी होतो.

सामानाची पिशवी तर जमिनीजवळ येताच दोरीने खाली सोडतात. ती आधी टेकते, छत्रीवरचा भार कमी होतो आणि अखेरच्या क्षणी वेगही थोडा घटतो. सर्वांत जास्त दुखापती घोट्याला होतात. बुटाभोवती आधारपट्टा बांधल्याने त्या बऱ्याच कमी होतात, असे अमेरिकी सैन्यातील पाहण्यांत आढळले आहे.

करून पाहा

प्लास्टिकच्या पिशवीची छत्री करून तिला दगड बांधा व शिक्षकांच्या देखरेखीखाली पहिल्या मजल्यावरून सोडून वेळ मोजा. मग दगडाचे वजन दुप्पट करा. वेग दुप्पट होतो, की सुमारे १.४ पट? का, ते वर्गात मांडून दाखवा. मात्र स्वतः छत्री घेऊन उडी मारण्याचा मोह टाळा. आणि कधी कुंपणावरून उतरावेच लागले, तर गुडघे वाकवायला विसरू नका. जवानाच्या घोट्याला लागू पडणारा नियम तुमच्याही घोट्याला लागू आहे.