ओरिजिनल बीएल हातात आल्याशिवाय

वाळूजमधल्या एका छोट्या कारखानदाराचा सुट्या भागांचा कंटेनर पूर्व आफ्रिकेतल्या बंदरावर उतरला होता. कागदपत्रं बँकेमार्फत गेलेली. खरेदीदाराने पैसे भरायचे आणि ती सोडवून घ्यायची, असा सौदा. त्याने पैसे भरलेच नाहीत. उलट तिथल्या एजंटाला गळ घातली : कंटेनरचे फ्री डेज संपत आलेत, डिटेन्शनचा दंड चढायला लागेल, कागद चार दिवसांत येतील, तोवर माझ्या पत्रावर डिलिव्हरी ऑर्डर द्या. खरेदीदार जुना, आधीचे व्यवहार सरळ. इथल्या फॉरवर्डरनेही ‘आपल्या पार्टीचा खर्च वाचेल’ म्हणून फोनवर होकार दिला. माल गेला आणि कागद बँकेत पडून राहिले. कारखानदार ती फाइल घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा वाचवण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. माल उधारीच्या पोलादातून बनवलेला होता.

त्या फॉरवर्डरच्या मनात खोट नव्हती, हे मी खात्रीने सांगतो. म्हणून तर या धंद्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हा प्रकार सविस्तर सांगतो. ग्राहकासाठी धावणारी माणसंच इथे फसतात.

ऑर्डरवर काढलेलं ओरिजिनल बीएल, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, ज्याच्या हातात, त्याचा मालावर हक्क. ते न घेता माल सोडला, तर मालाची किंमत तो सोडणाऱ्याच्या गळ्यात येते. जहाज कंपन्यांचा दायित्वविमा सांभाळणारे पी अँड आय क्लबसुद्धा असं नुकसान सहसा भरून देत नाहीत. अडचण खरी आहे, तीही समजून घ्या. न्हावा शेवाहून जेबेल अलीला जहाज काही दिवसांत पोचतं, बँकेचे कागद मागून येतात. पण हे बुकिंगच्या दिवशीच माहीत असतं ना? मग त्याच दिवशी लाइनकडे जास्त फ्री डेज मागा. जहाज निघाल्यावर कोणी देत नाही. पैसे आधीच मिळाले असतील, तर निर्यातदाराकडून ओरिजिनल संच इथेच सरेंडर करून घ्या, तिकडे टेलेक्स रिलीज, म्हणजे ओरिजिनल न दाखवता माल, मिळतो. मात्र सरेंडरचा निर्णय निर्यातदाराचा, आणि तो लेखी. खरेदीदार कितीही गोड बोलला, तरी आपल्याला काम देणारा तो नाही.

दुसरी गळ तारखेची. पावसाळ्यात गाडी कसाऱ्याकडे अडकते, गेट-इन कटऑफ हुकतो, माल पुढच्या जहाजावर जातो आणि लेटर ऑफ क्रेडिट (एलसी) मधली शिपमेंटची शेवटची तारीख उलटते. मग फोन येतो, “साहेब, बीएलवर दोनच दिवस मागची तारीख टाकून द्या ना.” मी टाकत नाही. ती सरळ फसवणूक आहे, आणि जहाज कोणत्या दिवशी कुठे होतं हे आज कोणीही तपासू शकतो. पण नुसतं नाही म्हणून फोन ठेवणंही बरं नव्हे. त्याच संध्याकाळी त्याच्या ऑफिसात जाऊन बसायचं, खरेदीदाराला खरं कारण कळवायचं, एलसीत दुरुस्ती मागणारा मजकूर तयार करून द्यायचा. खरेदीदाराला मालाची गरज असेल, तर तो बहुधा कबूल होतो.

जास्तीची मेहनत सील लागण्याआधी करा, एवढंच माझं कळकळीचं म्हणणं आहे. शेंद्र्याला, चिकलठाण्याला, जिथे भरणी असेल तिथे स्वतः जा. रिकाम्या कंटेनरमध्ये उभं राहून दारं बंद करून घ्या; कुठून उजेड आला, तर तिथूनच पाणी येणार. तो कंटेनर परत पाठवा, लोडिंगवाले कुरकुरले तरी चालेल. लाकडी पेट्यांवर आयएसपीएम-१५ चा शिक्का पाहा. उष्णता देऊन केलेल्या प्रक्रियेत लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटं, असा नियम आहे. शिक्का नसेल तर पलीकडचं बंदर माल अडवतं. वजन अंदाजाने लिहू नका. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही.

आणि विमा. ‘एव्हर गिव्हन’ २३ मार्च २०२१ ला सुएझ कालव्यात आडवं झालं, सहा दिवसांनी निघालं. पुढे जहाजमालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं, म्हणजे जहाज सोडवण्याच्या खर्चात माल असलेल्या प्रत्येकाचा वाटा. ज्यांचा मरीन विमा असतो, त्यांच्यासाठी विमा कंपनी हमी देते. विमा नसलेल्याला आपला धड असलेला माल सोडवायलाही रोख अनामत भरावी लागते. त्यामुळे बुकिंग घेताना ‘विमा आहे का’ हे विचारल्याशिवाय उठू नका. निर्यातदार एफओबीवर विकत असेल, तर ‘विमा समोरचा बघेल’ असं म्हणेल. तेव्हा त्याला शांतपणे समजावून सांगा, की वाळूजच्या गेटपासून माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम त्याचीच असते, आणि तेवढ्या टप्प्याचा विमा त्याच दिवशी काढून घ्या.